डिसोझा म्हणजे कुठले?

'कुठले तुम्ही?' हा प्रश्न महाड-पोलादपूरकडे दोन तऱ्हांनी विचारला जातो. एसटीत शेजारी बसलेला माणूस विचारतो तेव्हा त्याला खरंच गाव हवं असतं. बिरवाडी, विन्हेरे, कापडे, उमरठ, काहीही. गाव कळलं की तिथलं कुणीतरी ओळखीचं निघतं आणि घाट सरेपर्यंत गप्पांना विषय मिळतो. दुसऱ्या तऱ्हेत मात्र गाव सांगून झालं तरी प्रश्न संपत नाही. 'ते कळलं, पण मूळचे कुठले?' मग 'आडनाव काय म्हणालात?' मग 'वाडी कुठली?' इथे विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. आमच्याकडे वाढलेल्या कुणालाही हे दोन प्रश्न आवाजावरूनच वेगळे ओळखता येतात.

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. त्याची एक गंमत अशी की गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव सहसा लागत नाही. पोलादपुरात 'पोलादपूरकर' म्हणून कुणाची ओळख पटणार? तिथे सगळेच पोलादपूरचे. 'कर' लागतो तो गाव सुटल्यावर, दुसऱ्यांच्या गावात, आणि बहुतेक वेळा लावतातही दुसरेच. म्हणजे ज्याला आपण अगदी आपलं म्हणतो ते नाव मुळात परक्यांनी आपल्याला ओळखण्यासाठी वापरलेली खूण असते. हे माझ्या लक्षात यायला कारण झालं ते मात्र एक पोर्तुगीज आडनाव. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी वसईचा आहे, आडनाव डिसोझा. हा लेख त्या आडनावाबद्दल आहे, आणि आडनावाचं मूळ शोधणं व माणसाला त्याचं मूळ विचारणं या दोन गोष्टींमध्ये जो फरक आहे त्याबद्दल.

आधी मूळ पाहू. पोर्तुगालच्या उत्तरेला सोझा नावाची एक नदी आहे. पुढे ती दोरू या मोठ्या नदीला मिळते. त्या नदीच्या खोऱ्यातले ते 'द सोझा'. पोर्तुगीजमध्ये 'द' म्हणजे 'चा' किंवा 'इथला'. थोडक्यात, डिसोझा हे आडनाव 'कर' लावलेल्या आडनावाचं सख्खं भावंड आहे. सावित्रीच्या खोऱ्यातल्या माणसाला कुणी 'सावित्रीकर' म्हटलं असतं तर ते तंतोतंत तसंच झालं असतं. 'दिब्रिटो' म्हणजे ब्रिटोकर. फेरेरा हे आडनाव लोखंडाच्या खाणीवरून किंवा लोहारकामाच्या जागेवरून आलेलं आहे, म्हणजे अर्थाने ते पोलादपूरकरांच्या बरंच जवळ जातं. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, सिल्वा म्हणजे रान, कोस्टा म्हणजे किनारा. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस यांच्या शेवटी जो 'स' ऐकू येतो तो बापाचं नाव सांगतो. फर्नांदोचा तो फर्नांडिस, रोद्रिगोचा तो रॉड्रिग्ज. आपण बापाचं नाव मधे लिहितो, त्यांनी ते शेवटी चिकटवून ठेवलं.

महाड-पोलादपूरवर पोर्तुगीजांचं राज्य कधी नव्हतं. पण आमच्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चौल-रेवदंड्याला, ते १७४० पर्यंत होते, आणि पलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली अजून घराघरात बोलली जाते. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तिथली हजारो माणसं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या नावाबरोबर आडनावही मिळायचं, आणि ते पुष्कळदा धर्मपित्याचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं असायचं. त्यामुळे एका घरातल्या दोघांना दोन आडनावं मिळू शकत, आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन घरांना एकच. वसईच्या किंवा गोव्याच्या डिसोझाच्या अंगात पोर्तुगीज रक्त असतं ही समजूत म्हणूनच बहुतेक वेळा चुकीची ठरते. नाव आलं, माणसं तिथलीच राहिली.

पण ज्या रूपात आज आपण हे नाव इंग्रजीत लिहितो, म्हणजे आधी 'डी', मग वर लटकणारी अपॉस्ट्रॉफी, मग सोझा, ते रूप पोर्तुगीजही नाही. पोर्तुगीजमध्ये 'द'चा स्वर गळून अपॉस्ट्रॉफी येते ती पुढचं नाव स्वराने सुरू होत असेल तर. जुन्या लिखाणात आल्मेडाच्या आधी ती दिसते. सोझा व्यंजनाने सुरू होतं, तिथे काही गळायचं कारण नाही. लिस्बनमधले लोक दोन वेगळे शब्द लिहितात, आणि १९११ च्या लेखनसुधारणेपासून 'झेड'च्या जागी 'एस' वापरतात. अपॉस्ट्रॉफीचं हे सरसकट रूप रुळलं ते इथे, इंग्रजी राज्यात.

मुंबई १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. वसईही पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये कायमची इंग्रजांची झाली. आता नाव लिहायचं ते इंग्रजी लिपीत, इंग्रजी वळणाने. इंग्रजांना हे वळण आयर्लंडमध्ये सवयीचं होतं. आयरिश भाषेत 'ओ' हा स्वतंत्र शब्द आहे, अर्थ 'नातू' किंवा 'वंशज'. इंग्रजी लेखनात त्याच्यापुढे अपॉस्ट्रॉफी आली आणि ओब्रायन तयार झाले. आपल्याकडे 'द सोझा', 'द मेलो', 'दा सिल्वा', 'दा कुन्या' या सगळ्यांचं तसंच झालं. 'द' असो वा 'दा', सगळ्यांचं एकच 'डी' आणि अपॉस्ट्रॉफी. त्याच वेळी जी चिन्हं पोर्तुगीजची स्वतःची होती ती गेली. 'सी'खालची शेपटी गेली आणि गोन्साल्विसमध्ये 'सी'च्या जागी साधा 'एस' आला. रुमावच्या अक्षरावरची नागमोडी रेघ गेली, अनुनासिक उच्चार लिखाणातून पुसला गेला. इंग्रजीने त्यांची चिन्हं काढून घेतली आणि बदल्यात आपलं एक दिलं.

उलट दिशेचंही उदाहरण आहे आणि ते आपल्या फार जवळचं आहे. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला. पोर्तुगीजांनी त्याच्या आडनावाचं आपल्या भाषेत 'इश्तेव्हांव' करून टाकलं. त्याने १६१६ मध्ये छापलेलं 'क्रिस्तपुराण' मराठीत आहे. इंग्रज माणूस, पोर्तुगीज झालेलं नाव, मराठी ओवी. मराठी साहित्याच्या इतिहासात त्याला जागा देताना कुणी त्याच्या नावाचं मूळ तपासत बसत नाही.

मराठीनेही आपल्या परीने ही नावं पचवली. देवनागरीत अपॉस्ट्रॉफीला जागाच नव्हती, त्यामुळे दोन शब्द जुळून एक झाले: डिसोझा, दिब्रिटो, डिमेलो. वसईत गोन्साल्विसचं घोन्साल्विस झालं. आंब्याच्या बाबतीत तर आपण आणखी पुढे गेलो. अफोन्सो या पोर्तुगीज नावाचं इंग्रजीत अल्फान्सो झालं आणि आपल्या तोंडी हापूस. हापूसचं झाड कलमाचं असतं, खालचा खुंट गावठी कोयीचा आणि वरची काडी हापूसची. झाडाला जे फळ लागतं त्याला आपण हापूसच म्हणतो. खुंटाची जात विचारून मग आंबा खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

हे सगळं वाचायला छान आहे. अडचण सुरू होते ती रोजच्या वापरात, आणि तिथे माझ्या धंद्याचा संबंध येतो.

माझा सहकारी एकदा एका आर्थिक कंपनीच्या वेबसाइटवर खातं उघडत होता. आडनाव टाकलं की लाल अक्षरांत ओळ यायची, 'कृपया वैध नाव भरा'. कारण ती अपॉस्ट्रॉफी. डेटाबेसशी बोलायची जी भाषा आहे, एसक्यूएल, तिच्यात मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एकेरी अवतरणचिन्हाने दाखवतात, आणि कीबोर्डवरची अपॉस्ट्रॉफी म्हणजे तेच चिन्ह. प्रोग्राम निष्काळजीपणे लिहिला असेल तर यंत्राला वाटतं की नाव 'डी'पाशीच संपलं आणि पुढचं सोझा ही काहीतरी आज्ञा आहे. याच फटीतून चोरही आत शिरतात. त्यावरचा नीट उपाय जुना आहे आणि अवघडही नाही: नाव आज्ञेत मिसळायचंच नाही, ते वेगळं पाठवायचं. पण त्याहून सोपी पळवाट म्हणजे त्या चिन्हावरच बंदी घालायची. मग यंत्रातल्या उणिवेचा भुर्दंड डिसोझा भरतो. त्याच्या एका ओळखपत्रावर अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्यावर तिच्या जागी मोकळी जागा आहे, तिसऱ्यावर सगळं एकत्र आहे. ही तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायचं कामही त्याचंच.

इथे थोडा न्याय यंत्रालाही करायला हवा. प्रत्येक चिन्ह सगळीकडे मावेलच असं नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अपॉस्ट्रॉफी गाळून नावाचे दोन्ही भाग जोडून लिहायचे असतात. मला ही तडजोड मान्य आहे. गाळायचं कसं हे सगळ्या देशांना सारखं ठाऊक आहे, आणि वरच्या, माणसांनी वाचायच्या भागात ते चिन्ह ठेवायला नियमाची आडकाठी नाही. 'आमच्या सोयीसाठी तुमचं नाव इथे असं लिहावं लागतंय' आणि 'तुमचं नाव अवैध आहे' या दोन वाक्यांतलं अंतर मोठं आहे. पहिल्यात उणीव यंत्राची असते, दुसऱ्यात ती माणसाच्या माथी मारलेली असते. पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरने २०१० मध्ये, नावांबद्दल प्रोग्रामर लोक करत असलेल्या चाळीस चुकीच्या समजुतींची यादी केली होती. ती आमच्या धंद्यात अजून एकमेकांना पाठवली जाते. त्या यादीचा मला कळलेला मथितार्थ एवढाच की नाव कसं असावं हे आपण ठरवायचं नसतं.

यंत्राला निदान माणसाचं मूळ जाणून घ्यायची हौस नसते. माणसांना असते. आमच्या जेवणाच्या टेबलावर डिसोझाला हा प्रश्न अधूनमधून येतोच, 'तुमचं ओरिजिनल आडनाव काय?' त्यामागे पुष्कळदा एक न बोललेलं वाक्य असतं: हे जे आहे ते खरं नाही. तो हसून 'डिसोझाच' म्हणतो. विचारणारा मग बाप्तिस्म्याआधीच्या काळात जातो, तुम्ही सामवेदी का, कोळी का, भंडारी का. एसटीतली ती दुसऱ्या तऱ्हेची चौकशी इथेही चालते, पुण्यातल्या काचेच्या इमारतीत.

या चौकशीच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात आणि दोन्हींत काही तथ्य आहे. पहिला असा की हे नाव राज्यकर्त्यांनी लादलेलं आहे, मग ते जपणं म्हणजे लादणाऱ्याला मान देणं नाही का? जबरदस्ती झाली होती यात वाद नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, चालू होतं. कोण भीतीने बाटलं, कोण फायद्यासाठी आणि कोण श्रद्धेने, हे त्या त्या माणसाबरोबर गेलं. पण अन्याय झाला तो तेव्हाच्या माणसावर, आणि त्याची दुरुस्ती म्हणून नाव बदला असं आपण सांगतो ते आजच्या माणसाला. मधल्या पिढ्यांनी त्याच नावाने लग्नं केली, शेतं कसली, थडगी बांधली. आता ते नाव काढून घेतलं तर पोर्तुगालच्या राजाचं काही जात नाही, जातं ते डिसोझाचंच. एकदा न विचारता नाव दिलं गेलं, म्हणून पुन्हा एकदा न विचारता ते काढून घ्यायचं, हा न्याय मला कळत नाही.

ज्याला नाव बदलायचं आहे त्याने जरूर बदलावं. मंगळूरकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत प्रभू, कामत, नायक ही जुनी आडनावं आठवणीत आहेत, काही जण ती वापरतातही. पुण्यात जन्मलेल्या कवयित्री युनिस डिसूझा यांच्या एका इंग्रजी कवितेचं शीर्षकच त्यांच्या आडनावापुढे 'प्रभू' जोडून झालेलं आहे. त्या आपलं आडनाव अपॉस्ट्रॉफीशिवाय, दोन सुटे शब्द करून लिहीत. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी 'द' ठेवलाच नाही, नुसतं 'सोझा' अशी सही केली. माझा सहकारी अपॉस्ट्रॉफीला जपतो. तिघांची तऱ्हा तीन, आणि तिन्ही बरोबर, कारण ठरवणारं माणूस दर वेळी तेच आहे ज्याचं ते नाव आहे. ठेवण्याचा आणि सोडण्याचा हक्क एकच असतो, त्यातला अर्धा दुसऱ्याकडे देता येत नाही.

दुसरा मुद्दा कुतूहलाचा. मूळ शोधण्यात वाईट काय? काहीच नाही, या लेखाचा अर्धा भाग त्यातच गेला. नदीचं नाव, बाप्तिस्म्याची रीत, कारकुनाची सवय हे सगळ्यांच्या अभ्यासाचे विषय आहेत. पण समोरच्या माणसाने स्वतःच्या घराचा हिशेब मला द्यावा हा अभ्यास नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे: 'माहीत नाही' हे उत्तर मिळाल्यावर विचारणारा थांबतो का? ज्याला कुतूहल आहे तो थांबतो, पुस्तकात शोधतो. जो खोदत राहतो त्याला आडनाव नको असतं, त्याला माणसाची जागा ठरवायची असते.

आणि कुतूहल सगळ्यांना सारखं वाटायला हवं. गोव्यातल्या साळगावकर उद्योगघराण्याचं नाव इंग्रजीत 'के'ऐवजी 'सी'ने लिहितात आणि 'गाव'मधला 'व' त्यात नसतो. ते वळण पोर्तुगीज आहे. प्रभूचं 'पोरोब' झालेलं आडनावही गोव्यात आजही आहे. म्हणजे इथे अस्सल आपल्या आडनावावर पोर्तुगीज छाप पडलेली आहे. त्यांना कुणी 'ओरिजिनल स्पेलिंग काय' असं विचारत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मात्र हयातभर मराठीत लिहिलं, आणि तरी २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते कोण, कुठले, यावरून आक्षेप घेतले गेले. प्रश्न पोर्तुगीज अक्षरांचा असता तर तो दोघांनाही पडला असता.

महाडच्या माणसाला हा मूळ आणि वापराचा झगडा नवा नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चालत जाऊन ते पाणी प्यावं लागलं. पुढे विरोधक कोर्टात गेले तेव्हा त्यांचा दावा मुळाचाच होता: हे तळं पूर्वापार आमचं, रूढी अनादी. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये सांगितलं की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. तळ्याचं पाणी पिण्यासाठी कुणाला आपलं मूळ सांगावं लागणार नव्हतं.

खुद्द आंबेडकर या आडनावाची गोष्टही इथे आठवते. सकपाळ घराण्याचं गाव आंबडवे, महाडला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यात. त्यावरून आंबडवेकर. त्याचं आंबेडकर झालं ते शाळेतल्या एका शिक्षकाने आपलं आडनाव दिल्यामुळे, असं सांगितलं जातं. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. वाद चालू राहू दे. शिक्षकाने दिलं असेल तर ते वसईच्या धर्मपित्याने दिलेल्या आडनावासारखं झालं, गावावरून आलं असेल तर ते सोझाकाठच्या माणसासारखं. आज ते नाव उच्चारल्यावर कुणाला ना शिक्षक आठवतो ना गाव. ज्यांनी ते वागवलं त्यांचंच ते झालं. मूळ कुठलंही निघालं तरी त्यात तसूभर फरक पडणार नाही.

थोर माणसाच्या बाबतीत हे आपल्याला सहज पटतं. साध्या डिसोझाच्या बाबतीतही ते पटायला हवं असं माझं म्हणणं आहे. नावाचं मूळ हा इतिहास आहे आणि तो सगळ्यांचा आहे. नावाचा वापर हा एका माणसाचा हक्क आहे. इतिहासाच्या जोरावर तो हक्क तपासायला आपण बसलो की समोरच्याला स्वतःच्याच नावात भाडेकरू करून टाकतो.

म्हणून करण्यासारखं काम अगदी छोटं आहे. कुणाचं नाव लिहायची वेळ आली तर त्यालाच विचारायचं, 'तुम्ही कसं लिहिता?' 'झेड' की 'एस', चिन्ह की मोकळी जागा, डिसोझा की डिसूझा, जे सांगेल ते उतरवून घ्यायचं. आमच्या टीमने बनवलेल्या नव्या फॉर्ममध्ये आडनावाच्या रकान्याला कुठल्याही अक्षराची बंदी नाही. टेस्टिंगला सहकाऱ्याने स्वतःचं आडनाव टाकलं, ते अपॉस्ट्रॉफीसकट सेव्ह झालं, आणि तो पुढच्या रकान्याकडे वळला.